डावीकडे उरलेले ऑइल

मित्रांनो, एके काळी मी अख्खी मोटारसायकल होते. आता माझे फक्त इंजिन उरले आहे. तुमच्या तांत्रिक शाळेच्या कार्यशाळेत, खिडकीजवळच्या लोखंडी टेबलावर मला बोल्टांनी पक्के बसवले आहे. माझी एक बाजू कापून उघडी केली आहे, म्हणजे आतले सगळे तुम्हाला दिसावे. तुमचे शिक्षक माझ्या पिस्टनवरच्या खोल ओरखड्यांवर पट्टी टेकवतात आणि म्हणतात, "ऑइल नसलं की असं होतं." तुम्ही मान डोलावता आणि पुढच्या टेबलाकडे जाता.

शिक्षक सांगतात ते खरे आहे. पण ऑइल का नव्हते, हे तुमच्यापैकी कुणी अजून विचारलेले नाही. तेच मी आज सांगणार आहे.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. खूप आवाज होता आणि खूप हात होते, एवढेच आठवते. माझी खरी आठवण सुरू होते ती दुकानाच्या काचेमागून. माझ्या शेजारी माझ्याहून देखण्या गाड्या उभ्या होत्या. लोक त्यांच्या टाक्यांवरून हात फिरवत, आरशात आपलेच केस नीट करत. एके दिवशी जाड बुटांतली, उंच, पिकायला लागलेल्या केसांची एक बाई आत आली. तिने कुठल्याच टाकीला हात लावला नाही. ती सरळ खाली वाकली आणि प्रत्येक गाडीचा ऑइल काढायचा बोल्ट कुठे आहे ते बघत फिरली. माझा बोल्ट उजवीकडे, सहज हाताला लागेल असा होता. "ही द्या," ती म्हणाली.

ती जनावरांची डॉक्टर होती. सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणत. गावाबाहेर टेकड्यांवर लांब लांब गोठे होते. गाय अडली, घोडा लंगडायला लागला, मेंढ्यांना हगवण लागली, की बाईंना बोलावणे यायचे. औषधांची पेटी माझ्या मागच्या कॅरियरवर दोरीने करकचून बांधायची आणि निघायचे. ती एकटीच राहत होती. लग्न केले नव्हते. स्वयंपाकात तिचे कधी लक्ष नसे, पण माझ्या ऑइलच्या बाबतीत ती कुणाचे ऐकत नसे.

नव्या इंजिनाचे पहिले ऑइल लवकर काढून टाकावे लागते. कारण नवे भाग एकमेकांवर घासून बसत असतात आणि धातूचा बारीक चुरा ऑइलात उतरतो. बाईंनी ते ऑइल पांढऱ्या बशीत घेतले आणि उन्हात धरले. त्यात चांदीसारखे कण चमकत होते. तिने ते दोन बोटांत चोळून पाहिले, वास घेतला आणि समाधानाने हुं केले. त्यानंतर वर्षानुवर्षे तसेच चालले. इंजिन कोमट असतानाच बोल्ट काढायचा, म्हणजे सगळी घाण वाहून जाते. गाडी सरळ उभी करायची. शेवटचा थेंब पडेपर्यंत घाई करायची नाही. मग डब्यावरचा आकडा वाचून नवे ऑइल घालायचे, थंडीत पातळ, उन्हाळ्यात जाडसर. डोळ्यांत तेल घालून जपणे असे तुम्ही म्हणता ना, बाई तसेच जपे. फक्त तेल ती डोळ्यांऐवजी माझ्यात घाली.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. त्याबद्दल सांगण्यासारखे फार नाही. चांगले ऑइल असलेल्या इंजिनाला आपण इंजिन आहोत याचीही आठवण राहत नाही.

मग तिचा भाचा आला.

तो तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण वारली तेव्हा तो विशी ओलांडलेला होता आणि तोवर एकाही कामात टिकला नव्हता. दिसायला राजबिंडा, बोलायला मध. दारात उभ्या उभ्याच तो म्हणाला, "मावशी, आता तुझ्याशिवाय मला कोण आहे?" मावशी विरघळली. मला वाटते, इतकी वर्षे तिला असे कुणी काही म्हटलेच नव्हते. ती त्याला सोन्या म्हणायला लागली. मागची खोली त्याला दिली. आणि त्याच्या हाताला काहीतरी काम असावे म्हणून माझी देखभाल त्याच्यावर सोपवली.

हात त्याचे खरोखर चांगले होते. माझा आवाज ऐकून कुठे काय सैल झाले आहे ते तो बरोबर सांगायचा. पण कंटाळाही त्याला तितकाच लवकर यायचा. एकदा ऑइल बदलायचे होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या दुकानापर्यंत चालत जायचा त्याला आळस आला. शेजाऱ्याच्या गॅरेजात मोटारीच्या ऑइलचा अर्धा डबा पडला होता. तो त्याने माझ्यात ओतला आणि हात पुसले.

मोटारीचे ऑइल वाईट नसते. पण मोटारीत क्लच वेगळा आणि कोरडा असतो. माझ्यासारख्या मोटारसायकलीत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलात भिजलेले असतात. मोटारीच्या पुष्कळशा ऑइलात घर्षण कमी करणारे काहीतरी घातलेले असते. तिथे ते उपयोगी, पण माझ्या क्लचप्लेटांनी एकमेकींना घट्ट धरले तरच चाक फिरते. त्या घसरायला लागल्या की इंजिन नुसते बोंबलते आणि गाडी जागची हलत नाही.

दोनच दिवसांनी सकाळी टेकडीवरच्या गोठ्यातून निरोप आला. गाय अडली होती, वासरू आडवे आले होते. सपाटीवर मी कशीबशी धावले. चढ लागला आणि माझ्या क्लचने हात टेकले. मी जोरजोरात ओरडत होते आणि मागे घसरत होते. बाईंनी मला रस्त्याच्या कडेला टाकले, जड पेटी खांद्यावर घेतली आणि तो सगळा चढ ती पायी पळत गेली. ती पोचली तेव्हा गाय थंड पडली होती. वासरूही आतच गेले. गोठेवाल्याच्या बायकोने तिला पाणीसुद्धा विचारले नाही.

संध्याकाळी बाईंनी माझे ऑइल बोटांवर घेतले, वास घेतला आणि भाच्याला विचारले, "हे कुठून आणलंस?"

"तू सांगितलंस त्याच दुकानातून," तो म्हणाला. "डबा त्यानेच काढून दिला. मला काय कळतंय त्यातलं, मावशी?"

दुसऱ्या दिवशी बाई दुकानात जाऊन त्या म्हाताऱ्या दुकानदाराला चारचौघांत वाट्टेल ते बोलली. त्याने परोपरीने सांगितले की मुलगा इकडे फिरकलाच नाही. बाईंनी त्याच्याशी बोलणे कायमचे टाकले. तो दुकानदार पुढे मेला, पण त्याच्यावर आलेला आळ काही गेला नाही. भाचा दुकानाबाहेर मला धरून उभा होता. त्याच्या तळहाताला घामसुद्धा नव्हता. माणसाला एकदा कळले की आपण न केलेले केले म्हणून आणि केलेले न केले म्हणून सहज खपवू शकतो, की त्याला थांबायला कारण उरत नाही.

पुढे एका उनाड घोड्याने लाथ मारली आणि बाईंचे खुब्याचे हाड मोडले. हाड जुळले, पण पाय आखूड झाला. तिला मोटारसायकल चालवता येईना. मी भाच्याची झाले. त्याने पुढच्या अंगणात पत्रे टाकून गॅरेज काढले. सुरुवातीला काम बरे चालले. मग एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. गाडी दुरुस्त करायला अख्खा दिवस मोडतो आणि दुरुस्त झालेली गाडी लवकर परत येत नाही. पण गाडी कधी बिघडणारच नाही, ही आशा विकायला एवढासा वेळ पुरतो.

अशी ती लाल बाटली आली. कुठल्याशा पातळ तेलात त्याने लाल रंग आणि थोडे अत्तर घातले. एक झाकण इंजिनात ओता आणि वर्षभर ऑइल बदलायचे नाव काढू नका, असे तो सांगे. लोकांना पटावे म्हणून काहीतरी डोळ्यांसमोर करून दाखवायला हवे होते. त्यासाठी त्याने मला निवडले.

खेळ असा असे. बाजाराच्या चौकात तो मला साइड स्टँडवर उभी करी. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, हे तुम्हाला माहीत आहे. माझा बोल्ट होता उजवीकडे. खाली काचेची मोठी बरणी ठेवून तो बोल्ट काढी. ऑइल धो धो पडे, मग धार बारीक होई, मग थेंब, मग थेंबही थांबे. तो हात वर करून म्हणे, "बघा मंडळी, संपलं. आत एक थेंब नाही." पण कललेल्या पोटात डावीकडे बरेच ऑइल साचून राहिलेले असे, आणि माझा पंप नेमका डावीकडूनच ऑइल ओढतो. मग बोल्ट परत लावून तो लाल पाण्याचे एक झाकण माझ्यात ओती आणि किक मारी. मी चालू होई. लोक तोंडात बोटे घालत. मी तापायच्या आत तो गप्पांच्या ओघात मला बंद करी आणि बाटल्यांची खोकी उघडी.

उरलेले ऑइल अगदीच थोडे असे. ते वरपर्यंत नीट पोचत नसे. दर खेळाला माझ्या आत कुठेतरी धातूला धातू लागे. घसा कोरडा असताना कुणी हसत हसत गाणे म्हणायला लावावे, तसे ते होते. खेळ संपला की बरणीतले तेच काळे ऑइल जुन्या फडक्यातून गाळून तो मला परत पाजी. नवे ऑइल त्याने मला पुन्हा कधीच घातले नाही. इतरांना तो बदलू नका म्हणून सांगत होता, आणि खोटे बोलणाऱ्या माणसाने निदान माझ्याबाबतीत तरी आपला शब्द पाळला.

विक्री थोडी मंदावली तेव्हा त्याला मावशीची आठवण झाली. साऱ्या मुलखात तिच्या शब्दाला वजन होते. तो तिला म्हणाला, "मावशी, चौकात तुझा सत्कार ठेवलाय. लोकांनी तुझं केलेलं विसरू नये, एवढंच." ती जुना कोट घालून, काठी टेकत आली. त्याने तिला खुर्चीवर बसवले आणि गर्दीला सांगितले, "ही माझी मावशी. हिला ओळखत नाही असं कुणी आहे का इथं? ही गाडी हिचीच. माझं औषध खोटं असतं, तर मी मावशीच्या गाडीला लावलं असतं का?"

मग तिच्या डोळ्यांदेखत त्याने माझा बोल्ट काढला. तिचा चेहरा मला दिसत होता. ऑइलची काळी धार पाहून ती खुर्चीत पुढे सरकली. तो किक मारायला लागला तेव्हा ती उठून उभी राहिली. "सोन्या, नको. ऑइल नसताना चालू करू नकोस. मरेल ती." आणि लोकांकडे वळून म्हणाली, "असं होत नसतं. कुठल्याच इंजिनाचं नाही."

त्याच क्षणी मी चालू झाले. मला दुसरा उपाय नव्हता. किक मारली की मी चालू होते.

"होत नसतं म्हणे," भाचा प्रेमळपणे म्हणाला. "मावशीचं आता वय झालंय, मंडळी. कालच बिचारीने साखर समजून चहात मीठ घातलं आणि वर माझ्यावरच रागावली."

चौक खदाखदा हसला. सगळ्यात पुढे एक पाववाला उभा होता. रोज सकाळी तो मोटारसायकलवर पावाचे ट्रे लादून दुकानादुकानांतून पोचवायचा. त्याच्या कुत्र्याला बाईंनी एकदा मरता मरता वाचवले होते. तोही हसला. डोळे पुसत हसला आणि त्याने बाटली घेतली. बाई खाली बसली. गाडी तर खरोखर चालू होती.

त्या दिवसानंतर घरात ती कमी बोलू लागली. चहात काही घालण्याआधी बोटाने चाखून बघू लागली. भाच्याने ते पाहिले आणि तो त्यावरही विनोद करू लागला.

पाववाल्याने बाटलीवर विश्वास टाकला आणि ऑइलकडे पाठ फिरवली. उन्हाळा गेला, पाऊस गेला. एका सकाळी उतारावर, भरधाव असताना, त्याचे इंजिन जाम झाले. मागचे चाक जागच्या जागी अडकले, गाडी आडवी झाली आणि मागून येणारा ट्रक थांबू शकला नाही. पाववाला वाचला. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

काही दिवसांनी त्याची बायको दारात आली. भाचा घरी नव्हता. ती आत आली नाही, बसली नाही. रिकामी लाल बाटली तिने उंबऱ्यावर ठेवली.

"आमचे मालक म्हणाले होते, डॉक्टरीणबाई खुर्चीवर बसल्या होत्या. त्या असताना खोटं कसं असेल," ती म्हणाली.

"मी सांगितलं होतं. लोक हसले," बाई म्हणाली.

"हो. तेही हसले होते म्हणाले. पण तुम्ही परत सांगितलं का, बाई? दुसऱ्या दिवशी? तिसऱ्या दिवशी?"

पाववाली उत्तरासाठी थांबली नाही.

मी अंगणात साइड स्टँडवर उभी होते. बाई काठी टेकत माझ्याजवळ आली आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. आधी बोल्टाकडे, मग स्टँडकडे. मग तिने मला दोन्ही हातांनी थोडी सरळ केली आणि परत कलू दिली. माझ्या पोटात ऑइल डचमळले. तिने ते ऐकले. इतकी वर्षे मला सरळ उभी करून शेवटचा थेंब पडेपर्यंत वाट पाहणाऱ्या बाईला आणखी काही सांगावे लागत नव्हते.

त्या दिवशी जेवताना ती भाच्याला म्हणाली, "मला परत एकदा चौकात ने, सोन्या. मागच्या वेळी माझंच चुकलं. लोकांसमोर तसं सांगते. बोल्टही मीच काढते माझ्या हाताने."

भाच्याला आनंदाने घास गिळवेना. पाववाल्याच्या अपघाताची कुजबुज त्याच्याही कानावर आली होती. त्यावर मावशीसारखा उतारा नव्हता.

चौक भरला होता. पाववाला कुबड्या घेऊन आला होता, शेजारी बायको होती. भाच्याने मावशीची पुन्हा ओळख करून दिली, या वेळी वयाचा उल्लेख टाळून. बाईंना खाली बसता येत नव्हते, म्हणून कुणीतरी बुटके स्टूल दिले. तिने पाना लावून माझा बोल्ट काढला. धार पडली, बारीक झाली, थेंब थांबले.

"संपलं, मंडळी," भाचा म्हणाला.

"नाही संपलं," बाई म्हणाली. "गाडी सरळ उभी कर."

तो हसला. "कशाला मावशी? झालं की."

"सरळ उभी कर. मधल्या स्टँडवर घे."

गर्दीतून एकजण म्हणाला, "करा की. त्यात काय एवढं?" भाचा हलला नाही. तेव्हा दोघे पुढे आले आणि त्यांनी मला उचलून मधल्या स्टँडवर घेतले. मी सरळ झाले आणि माझ्यातून काळे ऑइल पुन्हा वाहायला लागले. बरणीतली रेघ वर चढत गेली. धारेचा आवाज चांगलाच ऐकू येत होता.

मित्रांनो, तिथेच सगळे संपायला हवे होते. खोटे उघडे पडले होते. भाचा 'चुकलं' एवढा एक शब्द बोलला असता, तर फार तर चार शिव्या खाऊन सुटला असता. पण तो गर्दीकडे पाहून म्हणाला, "थोडंफार राहतंच आत. त्याने काय फरक पडतो? काम तर औषध करतं."

"फरक पडत नाही?" बाईंनी विचारले.

"अजिबात नाही."

बाईंनी शेवटचा थेंब पडेपर्यंत वाट पाहिली. मग बोल्ट परत लावला, नीट आवळला, फडक्याने पुसला. "मग चालू कर," ती म्हणाली.

त्याने झाकणभर लाल पाणी ओतले. किकवर पाय ठेवला आणि एकदा मावशीकडे पाहिले. तिने नजर वळवली नाही. तिने फक्त माझ्या टाकीवर तळहात ठेवला. लंगड्या घोड्याला शेवटची सुई देणारी बाई होती ती.

मी चालू झाले. सुरुवातीला काहीच वाटले नाही, कारण भागांवर ऑइलचा जुना ओलावा होता. भाच्याचा चेहरा खुलला. मग वर टकटक सुरू झाली. मग अंग तापायला लागले. भाचा तो आवाज ओळखत होता. त्याचा हात चावीकडे गेला. तेवढ्यात पाववाला कुबडीवर रेलून म्हणाला, "बंद का करता? जरा रेस द्या की."

भाच्याने चावीवरचा हात काढला आणि रेस दिली.

ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. माझी कापलेली बाजू बघा, तिथे दिसते. पिस्टन सिलिंडरला चावला, सोलत वर गेला, सोलत खाली आला आणि परत वर जाताना मध्येच अडकला. एक किंकाळी निघाली. ती माझीच होती. मग जळक्या धातूचा वास आणि शांतता.

"मावशी, मारलंस तू तिला," भाचा म्हणाला. त्याचा आवाज खरोखर फुटला होता.

"तू लोकांना रोज सांगतोस तेच मी केलं," ती म्हणाली. "फक्त पुरतं केलं."

तुम्हाला वाटेल, लोकांनी त्याला धरून चोपले असेल. तसे झाले नाही. आधी थोडा आरडाओरडा झाला. मग कुणीतरी एक खोके ओढले आणि सगळे त्यावर तुटून पडले. ज्यांचा खोटेपणा त्यांनी आत्ता डोळ्यांनी पाहिला होता, त्याच बाटल्या त्यांनी फुकट मिळतात म्हणून पिशव्यांत कोंबल्या. गडबडीत बाईंचे स्टूल उलटले. ती माझ्या चाकाला धरून जमिनीवर बसून राहिली. तिला उठवायला पाववाली आली. तिने हात दिला आणि ती नवऱ्याकडे परत गेली.

भाचा त्याच दिवशी गेला. जाताना घरात आला नाही. पुढच्या गावी नवी मोटारसायकल घेऊन त्याने तोच खेळ मांडला, असे कार्यशाळेत येणारे गॅरेजवाले बोलताना मी ऐकले आहे. आमच्या गावातही बरेच लोक म्हणत, म्हातारीचे डोके फिरले होते, चांगली गाडी तिने मत्सराने मोडली. माझी चाके, दिवा आणि सीट पाववाल्याने नेले. ते विकून त्याने लाकडी पाय करून घेतला. इंजिन बाईंनी तुमच्या शाळेला दिले. "कापा आणि मुलांना आतून दाखवा," ती शिक्षकांना म्हणाली. त्यानंतर ती मला बघायला आली नाही. हिवाळ्यात ती गेली. दार उघडले नाही, हे शेजाऱ्यांच्या उशिरा लक्षात आले.

मित्रांनो, या टेबलावर मला विचार करायला भरपूर वेळ असतो. बाईंनी जे केले त्याने किती जणांचे पाय वाचले असतील, मला माहीत नाही. वाचले असतील तर बरेच झाले. पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. टकटक सुरू झाली तेव्हा त्या चौकात माझा आवाज ओळखणारी दोनच माणसे होती. मी किती वेळ टिकेन, हे दोघांनाही ठाऊक होते. एकाचा हात चावीपर्यंत जाऊन परत आला. दुसरीचा हात माझ्या टाकीवर होता. चावी तिथून वीतभर लांब होती, आणि तो हात तिच्याकडे गेला नाही.

तुम्ही उद्या गाड्या दुरुस्त कराल. डब्यावरचा आकडा वाचा. मोटारीचे ऑइल मोटारसायकलीत ओतण्याआधी डब्यावर काय लिहिले आहे ते बघा. गाडी सरळ उभी करून ऑइल काढा आणि घाई करू नका. गाडी चालू आहे म्हणून ती ठीक आहे, असे मानू नका. ठीक नसतानाही आम्ही चालू होतो, आम्हाला दुसरे काही येत नाही. आणि तुम्हाला कधी कुणाला काही सिद्ध करून दाखवायचे असेल, तर खुशाल दाखवा. पण त्या वेळी टकटक ऐकू आली, आणि चावी तुमच्या हाताजवळ असली, तर आधी गाडी बंद करा.